बिलावरची नारिंगी चौकट : हंगेरीच्या चार निवडणुका आणि परक्या नळाचा गॅस

हंगेरी हा मध्य युरोपातला लहानसा देश. लोकसंख्या सुमारे ९६ लाख, राजधानी बुडापेस्ट, मधोमध वाहणारी डॅन्यूब नदी आणि चहूबाजूंनी जमीन. समुद्रकिनारा नाही. आपल्याकडे या देशाचे नाव घराघरांत पोहोचले ते २०२२ मध्ये, ‘ऑपरेशन गंगा’च्या वेळी. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुले युद्ध सुरू झाल्यावर रेल्वेने हंगेरीच्या सीमेवरील झाहोनी स्थानकात उतरली आणि बुडापेस्टहून विमानाने मायदेशी आली. महाराष्ट्रातली मुले त्यात होती, गुजरातमधलीही होती.

मुले ज्या सीमेवरून बाहेर पडली, त्याच सीमाभागातून जमिनीखालून रशियाचे तेल हंगेरीत येते. युद्ध सुरू झाले २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत, ३ एप्रिल रोजी, हंगेरीत सार्वत्रिक निवडणूक झाली. शेजारच्या देशावर रशियाने हल्ला केलेला, सगळा युरोप रशियावर निर्बंध घालण्याच्या तयारीत, आणि हंगेरीच्या मतदारांनी रशियाशी ऊर्जासंबंध टिकवू पाहणाऱ्या व्हिक्टर ओर्बान यांना पूर्वीपेक्षाही मोठे बहुमत दिले. असे का झाले असावे?

याचे उत्तर ‘हंगेरीच्या लोकांना रशिया आवडतो’ असे नाही. इतिहास पाहिला तर उलटेच दिसेल. उत्तराचा मोठा भाग दर महिन्याला घरी येणाऱ्या गॅसच्या आणि विजेच्या बिलात आहे. २०१० ते २०२२ या काळातील चार निवडणुका आणि ते बिल यांचा संबंध आपण या लेखात पाहू. तो समजला, की हंगेरीविषयीच्या पुढच्या बातम्या वाचणे सोपे जाते.

‘मैत्री’ आणि ‘बंधुत्व’

हंगेरीत येणाऱ्या जुन्या वाहिन्यांची नावे मोठी गोड आहेत. तेलाची वाहिनी ‘द्रुझ्बा’, म्हणजे मैत्री. गॅसच्या वाहिनीचे नाव ‘बंधुत्व’ या अर्थाचे. दोन्ही सोव्हिएत काळातल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तेल येऊ लागले आणि १९७०च्या दशकात गॅस. बुडापेस्टच्या दक्षिणेला डॅन्यूबकाठी साझहालोम्बात्ता येथे मोठी रिफायनरी उभी राहिली आणि ती रशियन तेलाच्या प्रतीनुसारच बांधली गेली.

आपल्या बडोदेकरांना ही गोष्ट फार परकी वाटू नये. कोयलीची रिफायनरीही त्याच दशकात, १९६५ मध्ये, सोव्हिएत साहाय्यानेच सुरू झाली. फरक एवढाच, की कोयलीला तेल मिळाले अंकलेश्वरचे आणि गुजरातच्या इतर क्षेत्रांतले, म्हणजे घरचे. आणि नंतर बंदरावरून जगात कुठूनही तेल आणण्याची वाट मोकळी राहिली. साझहालोम्बात्ताला ती सोय नव्हती. कच्चे तेल सगळीकडे सारखे नसते. कुठले जड, कुठले हलके, कुठल्यात गंधक जास्त, कुठल्यात कमी. एका प्रतीच्या तेलावर बसवलेली रिफायनरी दुसऱ्या प्रतीवर नेता येते, पण त्याला पैसा लागतो आणि वेळही लागतो.

विजेचेही तसेच. डॅन्यूबच्याच काठावर पाक्श येथे अणुवीजकेंद्र आहे. १९८२ ते १९८७ या काळात सुरू झालेल्या त्याच्या चारही अणुभट्ट्या सोव्हिएत बनावटीच्या असून एकूण क्षमता सुमारे २,००० मेगावॉट आहे. देशात तयार होणाऱ्या विजेचा ४० टक्क्यांहून अधिक भाग एकटे पाक्श देते. त्याचे इंधन वर्षानुवर्षे रशियातून आले.

राहिला गॅस. हंगेरीत स्वतःचा गॅस थोडा निघतो, पण गरजेच्या मानाने फारच कमी. आणि गरज मोठी आहे, कारण तिकडचा हिवाळा. आपल्याकडे पाइपने येणारा गॅस लागतो तो स्वयंपाकाला आणि फार तर अंघोळीच्या पाण्याला. हंगेरीत घर उबदार ठेवण्यासाठी महिनोन्महिने गॅस जळत असतो. खेड्यापाड्यांत १९६०-७०च्या दशकांत बांधलेली चौकोनी ठोकळ्यांसारखी लाखो घरे आहेत. भिंती पातळ, खिडक्या जुन्या. शहरांत त्याच काळातल्या मोठमोठ्या वसाहती आहेत, तिथे केंद्रीय बॉयलरमधून इमारतींना गरम पाणी पुरवले जाते आणि तो बॉयलरही बहुधा गॅसवरच चालतो. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला जानेवारीतले बिल म्हणजे धडकीच. त्यामुळे गॅसचा दर हा त्या देशात आपल्याकडच्या कांद्याच्या भावासारखा विषय आहे. त्यावर सरकारे अडचणीत येतात.

ओर्बान तेव्हाचे आणि नंतरचे

१९५६ मध्ये हंगेरीने सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव केला. तो रणगाड्यांनी चिरडला गेला. उठावाच्या काळात पंतप्रधान असलेले इम्रे नॉज यांना १९५८ मध्ये फाशी देण्यात आले. जून १९८९ मध्ये त्यांच्या अवशेषांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले, तेव्हा बुडापेस्टच्या चौकात जमलेल्या अफाट गर्दीसमोर सोव्हिएत फौजा परत जाव्यात अशी जाहीर मागणी करणारा एक २६ वर्षांचा तरुण देशभर गाजला. तो तरुण म्हणजे व्हिक्टर ओर्बान. त्यांचा पक्ष ‘फिदेस’ तेव्हा तरुण लोकशाहीवाद्यांचा पक्ष होता.

ओर्बान १९९८ ते २००२ या काळात पंतप्रधान होते. नंतर आठ वर्षे विरोधी बाकांवर बसले. या आठ वर्षांत समाजवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने गॅसवरील सवलती कमी केल्या आणि बिले वाढत गेली. २००८च्या जागतिक मंदीत देश कोलमडला. नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँक यांच्याकडून मिळून सुमारे २० अब्ज युरोंचे साहाय्य घ्यावे लागले. जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेन वादात युरोपचा गॅस ऐन थंडीत सुमारे दोन आठवडे तुटला. तेव्हा विरोधात असलेले ओर्बान रशियन गॅसवरील अवलंबित्वावर टीका करीत असत.

आणखी एक घटना या संदर्भात महत्त्वाची आहे. मार्च २००८ मध्ये फिदेसने तीन शुल्कांविरुद्ध सार्वमत घडवून आणले : डॉक्टरांकडे तपासणीसाठी द्यावे लागणारे ३०० फोरिंट, रुग्णालयातील दैनिक शुल्क आणि विद्यापीठातील शिक्षणशुल्क. ८० टक्क्यांहून अधिक मते शुल्क रद्द करण्याच्या बाजूने पडली. खिशातून दर वेळी मोजावी लागणारी छोटी रक्कम ही मोठ्या आर्थिक धोरणापेक्षा मतदाराच्या अधिक लक्षात राहते, हा धडा फिदेसला तेव्हाच मिळाला. २०१०च्या निवडणुकीत सुमारे ५३ टक्के मते आणि ३८६ पैकी २६३ जागा मिळवून ओर्बान सत्तेवर परतले.

बिलावरची नारिंगी चौकट

२०१२च्या अखेरीस सरकारची लोकप्रियता घसरलेली होती आणि निवडणूक दीड वर्षावर आली होती. अशा वेळी एका शब्दाने राजकारणाचे चित्र बदलले. तो शब्द ‘रेझिचोक्केंतेश’. ‘रेझी’ म्हणजे घर चालवण्याची बिले (वीज, गॅस, पाणी, कचरा) आणि ‘चोक्केंतेश’ म्हणजे कपात. सरळ मराठीत घरखर्च-कपात.

१ जानेवारी २०१३ पासून घरगुती वीज, गॅस आणि केंद्रीय उष्णतापुरवठा यांचे दर कायद्याने १० टक्क्यांनी कमी झाले. वर्षाच्या मध्यावर पाणी आणि कचरा यांचा नंबर लागला. घराघरांतल्या धुराड्यांची सफाईही त्यात आली. १ नोव्हेंबर २०१३ रोजी वीज, गॅस आणि उष्णतेच्या दरात आणखी ११.१ टक्के कपात झाली. मग १ एप्रिल २०१४ रोजी गॅस पुन्हा ६.५ टक्क्यांनी स्वस्त. निवडणूक होती ६ एप्रिलला.

कपात झाली हे लोकांना समजावे म्हणून आणखी एक तरतूद केली गेली. कपातीमुळे आपल्या कुटुंबाचे आजवर किती फोरिंट वाचले, तो आकडा प्रत्येक बिलावर वेगळ्या नारिंगी चौकटीत छापणे कंपन्यांना बंधनकारक झाले. नारिंगी हा फिदेसचा रंग. म्हणजे दर महिन्याला, देशातल्या प्रत्येक घरात, सरकारच्या कामगिरीचे पत्रक बिलाच्या रूपाने जात राहिले आणि त्याचा छपाईखर्च वीज कंपनीच्या माथी.

फरक भरला कोणी? सुरुवातीला त्याचा मोठा भार वीज आणि गॅस वितरण करणाऱ्या कंपन्यांवर पडला. त्यातल्या अनेक जर्मन आणि फ्रेंच मालकीच्या होत्या. धंदा तोट्याचा झाल्यावर परदेशी कंपन्या एकेक करून त्यातून बाहेर पडू लागल्या आणि सरकारने त्यांचे व्यवसाय विकत घेतले. घरगुती गॅसचा पुरवठा पुढे एमव्हीएम या सरकारी समूहाकडे एकवटला. म्हणजे दर ठरवणारे सरकार, पुरवणारे सरकार आणि मत मागणारेही सरकार.

यातली एक बाजू प्रचारात कधी आली नाही. २०१४च्या उत्तरार्धात जगात तेलाचे भाव कोसळले, त्यापाठोपाठ गॅसही स्वस्त झाला. हंगेरीतील घरगुती दर मात्र तिथेच राहिले. दर बांधून ठेवले की ते वाढत नाहीत हे खरे, पण बाजार उतरला तरी ते उतरतही नाहीत. त्या काही वर्षांत ही ‘सवलत’ कागदावर होती तेवढी प्रत्यक्षात राहिली नव्हती. पण नारिंगी चौकटीतला आकडा वाढतच होता.

मते ४५ टक्के, जागा ६७ टक्के

केवळ बिलामुळे बहुमत मिळाले असे म्हणणे अर्धवट ठरेल. दुसरा अर्धा भाग निवडणूक पद्धतीत आहे, आणि तो समजल्याशिवाय हंगेरीचे आकडे उलगडत नाहीत.

२०११च्या अखेरीस नवा निवडणूक कायदा झाला. खासदारांची संख्या ३८६ वरून १९९ वर आली. त्यापैकी १०६ जागा आपल्यासारख्या मतदारसंघांतून निवडल्या जातात : ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. पूर्वी दोन फेऱ्या असत, त्यामुळे पहिल्या फेरीनंतर विरोधकांना एकत्र येण्याची सवड मिळे. नव्या कायद्याने एकच फेरी ठेवली. उरलेल्या ९३ जागा पक्षांच्या यादीला मिळालेल्या मतांनुसार वाटल्या जातात.

इथे एक खास हंगेरियन तरतूद आहे. मतदारसंघात हरलेल्या उमेदवाराची मते वाया न घालवता पक्षाच्या यादीत मिळवणे ही पद्धत जुनीच. नव्या कायद्याने विजयी उमेदवाराची ‘गरजेपेक्षा जास्त’ मतेही यादीत मिळवायला सुरुवात केली. समजा, एकाला ३०,००० मते पडली आणि दुसऱ्या क्रमांकाला २०,०००. जिंकायला २०,००१ पुरेशी होती, तर उरलेली ९,९९९ मते विजयी पक्षाच्या यादीला पुन्हा मिळणार. जिंकणाऱ्याला असा बक्षिसावर बक्षीस मिळण्याचा प्रकार आहे.

शिवाय शेजारच्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हंगेरियन भाषकांना २०१० नंतर सोप्या पद्धतीने नागरिकत्व मिळाले आणि टपालाने मत देण्याचा अधिकारही. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या, माणसे होती तिथेच राहिली आणि परक्या राज्यात गेली. बेळगाव सीमाभागातल्या आपल्या बांधवांना हे दुःख वेगळे सांगायला नको. या टपाली मतांपैकी ९० टक्क्यांहून अधिक फिदेसला मिळत आली.

या सगळ्याचा परिणाम असा : २०१४ मध्ये फिदेस आघाडीला सुमारे ४५ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या १३३, म्हणजे नेमके दोन-तृतीयांश. २०१८ मध्ये प्रचाराचा मुख्य विषय स्थलांतरितांचा होता. मते ४९ टक्के, जागा पुन्हा १३३. दोन-तृतीयांश बहुमत म्हणजे राज्यघटना बदलण्याची ताकद. थोडक्यात, या पद्धतीत विजयी पक्षाला थोडी अधिक मते मिळाली तरी जागांमध्ये फार मोठा फरक पडतो. घरखर्च-कपातीसारखी, प्रत्येक मतदारसंघात थोडी थोडी मते वाढवणारी योजना इथे किती उपयोगी, हे लक्षात येईल.

करार आधी, निवडणूक नंतर

आता रशियाच्या बाजूचे धागे पाहू. जानेवारी २०१४ मध्ये, त्या निवडणुकीच्या तीन महिने आधी, ओर्बान मॉस्कोला गेले आणि पाक्शमध्ये आणखी दोन मोठ्या अणुभट्ट्या बांधण्याचा करार झाला. काम रशियाच्या रोसाटॉमकडे, आणि त्यासाठी १० अब्ज युरोंपर्यंतचे कर्जही रशियाचेच. हा प्रकल्प वर्षानुवर्षे लांबत गेला.

सप्टेंबर २०२१ मध्ये रशियाच्या गॅझप्रॉमशी १५ वर्षांचा गॅस करार झाला. दरवर्षी ४.५ अब्ज घनमीटर गॅस. त्यातला ३.५ अब्ज दक्षिणेकडून, म्हणजे काळ्या समुद्राखालून तुर्कस्तान, बल्गेरिया आणि सर्बिया या वाटेने, तर १ अब्ज ऑस्ट्रियाकडून. देशाची वर्षाची एकूण गरज तेव्हा १० अब्ज घनमीटरच्या आसपास होती. यात युक्रेनची वाट टाळली गेली. युक्रेनने तेव्हाच तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर पाच महिन्यांत युद्ध सुरू झाले. हंगेरीच्या सोयीची बाजू अशी, की १ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅस बंद झाला, तरी दक्षिणेची वाट चालू राहिली.

२०२१च्या हिवाळ्यात युरोपभर गॅसचे भाव भडकले. बर्लिन, प्राग, व्हिएन्ना येथील बिले फुगू लागली. बुडापेस्टमधली जागच्या जागी. सरकारने नोव्हेंबर २०२१ पासून पेट्रोल आणि डिझेलही लिटरला ४८० फोरिंटवर बांधून टाकले. निवडणूक जवळ आली तशा कुटुंबांना करपरतावा आणि पेन्शनरांना तेराव्या महिन्याची पेन्शनही मिळाली.

सहा विरोधी पक्षांनी या वेळी एक होऊन पेटर मार्की-झाय यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार केले. एका फेरीच्या पद्धतीवर तोच उपाय होता. पण युद्ध सुरू झाले आणि फिदेसचा प्रचार दोन वाक्यांत मावू लागला : विरोधक आले तर देश युद्धात ओढला जाईल, आणि विरोधक आले तर घरखर्च-कपात जाईल. रशियन गॅस तोडला तर तुमचे घर गार पडेल, हे पटवायला फार वक्तृत्व लागत नव्हते. निकाल : फिदेस ५४ टक्के मते, १३५ जागा; एकत्रित विरोधक ५७ जागा.

ऑगस्टमधला हिशेब

जो फरक बिलावर दिसत नव्हता, तो कुठेतरी साचत होताच. रशियाचा गॅस हंगेरीला फुकट मिळत नव्हता. आयातीचा दर आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी जोडलेला होता. घरातला दर बांधलेला, सीमेवरचा मोकळा, आणि मधली दरी सरकारी तिजोरीने भरायची. २०२२ मध्ये ही दरी इतकी रुंदावली, की निवडणुकीनंतर चार महिन्यांच्या आत नियम बदलावा लागला.

१ ऑगस्ट २०२२ पासून सवलतीचा दर केवळ ‘सरासरी वापरा’पुरता उरला : वीज महिन्याला २१० युनिट आणि गॅस महिन्याला १४४ घनमीटर. त्यावरच्या प्रत्येक युनिटला नवा दर. विजेचा दर ३६ फोरिंटवरून ७० वर गेला. गॅसचा सुमारे १०२ फोरिंटवरून ७४७ वर, म्हणजे सातपटीहून अधिक. शहरातल्या लहान फ्लॅटला याची झळ कमी बसली. ज्यांची घरे जुनी, मोठी आणि भिंतींतून उष्णता गळणारी, त्यांची झोप उडाली. अनेकांनी लाकडाच्या चुली-शेगड्या पुन्हा काढल्या. सरकारने जंगलतोडीचे नियम सैल केले, त्यावर बुडापेस्टमध्ये निदर्शने झाली.

पेट्रोलचेही तेच. ४८० फोरिंटला विकणे परदेशातून आणून परवडेना, म्हणून आयात आटली. पंपांवर रांगा लागल्या, काही पंप कोरडे पडले. शेवटी ६ डिसेंबर २०२२ रोजी तो भावबंद एका रात्रीत उठवावा लागला. जानेवारी २०२३ मध्ये महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला. तो युरोपीय संघात सर्वाधिक होता. गॅसच्या बिलात जे वाचले, ते ब्रेड, दूध आणि अंड्यांत अनेकांनी मोजले.

भूगोल किती, निर्णय किती?

हंगेरी सरकारचे म्हणणे नेहमी असते : आम्हाला समुद्र नाही, वाहिन्या जिथून येतात तिथूनच घेणार. यात तथ्य नाही असे नाही. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाने रशियन तेलावर बंदी घातली, तेव्हा याच कारणास्तव वाहिनीतून येणाऱ्या तेलाला सूट मिळाली. संघाच्या निर्बंधांना सर्व २७ देशांची संमती लागते, त्यामुळे एका लहान देशाच्या ‘नाही’लाही तिथे मोठे वजन आहे. (जुलै २०२५ मध्ये त्याच संघाने आपल्या गुजरातमधील वाडीनारच्या रिफायनरीवर, तिच्यात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे म्हणून, निर्बंध घातले. सूट कोणाला आणि बंधन कोणाला, हे शेवटी टेबलावर कोण बसले आहे यावरही ठरते.)

पण ही सूट पर्याय शोधण्यासाठी मिळालेली सवड होती. तिचा वापर कसा झाला? हंगेरीच्या तेल-आयातीत रशियाचा वाटा २०२१ मध्ये सुमारे ६० टक्के होता. २०२४ मध्ये तो ८५ टक्क्यांच्या आसपास गेला. शेजारचा झेक प्रजासत्ताक हाही समुद्र नसलेला देश, त्याची रिफायनरीही ‘द्रुझ्बा’वर वाढलेली, आणि सूट त्यालाही होती. त्याने इटलीकडून येणाऱ्या वाहिनीची क्षमता वाढवून घेतली आणि २०२५ मध्ये रशियन तेल पूर्णपणे थांबवले. हंगेरीला क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून येणारी ‘आद्रिया’ तेलवाहिनी आहे. तिची क्षमता पुरेशी आहे का आणि भाडे वाजवी आहे का, यावर हंगेरीची तेल कंपनी मोल आणि क्रोएशिया यांचा वाद चालत आला. पण घाई कोणाला नव्हती, आणि त्याचे कारण साधे होते. युद्धानंतर रशियन तेल जागतिक भावापेक्षा स्वस्त मिळू लागले, आणि त्या फरकावर सरकारने मोल कंपनीला आधी २५, मग ४० आणि डिसेंबर २०२२ पासून ९५ टक्के कर लावला. हा पैसा तिजोरीला हवाच होता.

विजेच्या बाबतीतही असेच मिश्र चित्र आहे. सौरऊर्जेत हंगेरीने खरोखर मोठी मजल मारली. २०२४ पर्यंत देशात निर्माण होणाऱ्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा सूर्यापासून येऊ लागला, ही युरोपातल्या वरच्या क्रमांकाची कामगिरी आहे. पण पवनचक्क्यांना २०१६ मध्ये असा नियम लावला, की वस्तीपासून १२ किलोमीटरच्या आत त्या उभारता येणार नाहीत. हंगेरीत गावे इतकी जवळजवळ आहेत, की या नियमाने नव्या पवनचक्क्या जवळजवळ बंदच झाल्या. हा नियम बऱ्याच वर्षांनी सैल झाला. वारा तर रशियातून आणावा लागत नाही.

आणि सर्वांत साधा पर्याय, म्हणजे त्या लाखो ठोकळेवजा घरांच्या भिंतींना उष्णतारोधक आवरण, नव्या खिडक्या, चांगले बॉयलर. एकदा केलेला असा खर्च पुढची तीस वर्षे गॅस वाचवतो. पण त्याचे श्रेय दर महिन्याला नारिंगी चौकटीत छापता येत नाही. शिवाय गॅस स्वस्त असेल तर घरमालक तरी हा खर्च कशाला करील? दहा वर्षे दर बांधलेले राहिले, आणि ऑगस्ट २०२२ आला तेव्हा घरे तशीच उष्णता गळत होती.

हंगेरीच्या या चार निवडणुकांतून निघणारी मुख्य गोष्ट हीच वाटते. परावलंबन भूगोलाने सुरू झाले, पण ते टिकले बिलामुळे. बिल बांधून ठेवणे हे राजकीय वचन झाले. वचन पाळायला त्याच पुरवठादाराचा तोच अखंड गॅस हवा, म्हणून लांब मुदतीचे करार झाले. करार झाले म्हणून परराष्ट्र धोरणाचे हात बांधले गेले. आणि कोणी पर्यायाची भाषा काढली, की ‘हे तुमचे बिल वाढवतील’ हे उत्तर तयारच. या साखळीतला प्रत्येक दुवा आपापल्या जागी समंजस दिसतो.

मतदाराला दोष देऊन उपयोग नाही

हे वाचून ‘लोक भुलले’ असे म्हणणे सोपे आहे. पण बाहेर उणे पाच तापमान असताना पेन्शनमधून गॅसचे बिल भरणाऱ्या आजींना पंधरा वर्षांनंतरच्या ऊर्जासुरक्षेचे व्याख्यान देणे योग्य नव्हे. त्यांच्यासाठी ती सवलत खरी होती. विरोधकांचेही एक अपयश यात आहे. सवलत ठेवून परावलंबन कसे कमी करणार, हे आजींना समजेल अशा भाषेत ते २०२२ पर्यंत सांगू शकले नाहीत. वीजदरांचे राजकारण आपणही जवळून पाहतो, त्यामुळे दुरून हसण्याचे कारण नाही.

मात्र बिल कमी झाल्याची घोषणा कुठल्याही देशात, कुठल्याही पक्षाने केली, तर हंगेरीच्या अनुभवावरून तीन प्रश्न विचारता येतात. कमी झालेला पैसा आज कोण भरत आहे? माल महागला तर ही सवलत किती दिवस पेलवेल? आणि या सवलतीच्या काळात गरजच कमी व्हावी म्हणून काय केले जात आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हंगेरीच्या लोकांना ऑगस्ट २०२२च्या बिलात मिळाली. तिसऱ्याचे उत्तर त्या जुन्या घरांच्या भिंतींमध्ये आहे. बुडापेस्टमध्ये कोणत्याही पक्षाचे सरकार असो, काम तिथूनच सुरू करावे लागेल.